सूतगल्लीचा आकडा

सूतगल्लीत चोऱ्या होत होत्या तेव्हा तिथला धंदा कसाबसा का होईना चालत होता, आणि चोऱ्या थांबल्या तेव्हा तो बसला. उलटं लिहिलंय असं वाटेल, पण तसं नाही, झालं ते असंच झालं. रेवती म्हमाणेच्या पिठाच्या गिरणीत बसून ज्यानं ज्यानं याचा मेळ घालायचा प्रयत्न केला तो शेवटी कपाळाला हात लावूनच उठला. खुद्द रेवतीचं तर डोकं पार भंजाळून गेलं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही गल्ली. समोरासमोर दोन हातगाड्या आल्या तर एकीला मागं सरावं लागेल एवढीच रुंद. रेवतीची गिरणी, समोर सिद्राम बिराजदारचं इलेक्ट्रिक सायकली दुरुस्त करायचं दुकान, शेजारी भांडीवाला, एक शिलाईचं, कोपऱ्यावर चहाचं, आणि वर सगळीकडं राहती घरं. रेवतीचा नवरा कंटेनर चालवायचा, तो पंधरवड्यातून एकदा घरी. गिरणी सगळी तिच्याच अंगावर, आणि ती तिनं चांगली चालवली होती. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या अर्ध्या पेठेला तिचं पीठ लागायचं.

आदल्या वर्षी मात्र गल्लीवर संक्रांत आली होती. भांडीवाल्याचं शटर वाकवून आतला माल नेला. दिवेलागणीला दळण घेऊन निघालेल्या एका बाईच्या गळ्यातलं ओढलं. रेवतीच्या मोटरीची तांब्याची वायर कुणीतरी कापून नेली आणि गिरणी तीन दिवस बंद राहिली. बायका संध्याकाळी फिरकेनाशा झाल्या. मग सगळे दुकानदार मिळून महापालिकेत गेले आणि म्हणाले, आमच्या गल्लीत 'राखण' बसवा. सगळ्यांत पुढं रेवती होती, आणि साहेबांसमोर ती तावातावानं बोललीही होती.

आता ही राखण म्हणजे काय, ते सांगायला हवं. दिव्याच्या खांबावर बसवलेला एक डोळा आणि त्याच्यामागं विचार करणारं एक यंत्र. हा डोळा चेहरे बघत नसे. चेहरे बघायला कायद्यानं बंदी आली होती, आणि खरं म्हणजे राखणला चेहऱ्याची गरजच नव्हती. ती माणसाची चाल बघायची. पाऊल किती लांब पडतं, खांदा कुणीकडं झुकतो, टाच आधी टेकते की चवडा, यावरून माणूस ओळखता येतो. आपण नाही का, जिन्यावर पाऊल वाजलं की कोण आलंय ते आतूनच सांगतो, तसंच. नाव नको, गाव नको, चाल पुरे.

या चालीच्या माणसानं हातातली वस्तू कुठं खाली ठेवली, की राखण तो माणूस आणि ती वस्तू यांच्यामध्ये एक धागा बांधायची. धागा म्हणजे खरा नव्हे, यंत्राच्या मनातला. त्याच माणसानं वस्तू उचलली की धागा सुटला, विषय संपला. दुसऱ्यानं उचलली की धागा तुटला. खुद्द दुकानदारानं आपल्या दुकानात केलेली उचलठेव तेवढी ती धरायची नाही. असे तुटलेले धागे मोजायचे, गल्लीतून येजा करणाऱ्या माणसांच्या संख्येनं भागायचे, की निघाला त्या गल्लीचा आकडा. हा आकडा सगळ्यांना दिसायचा. विमा कंपनीला, घरपोच सामान देणाऱ्यांना, आणि फोनमध्ये रस्ता विचारणाऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही. आकडा लहान असेल तर गल्ली नकाशावर हिरवी, वाढला की पिवळी, फारच वाढला की लाल. राखण हे सगळं शिकली होती मॉलमध्ये आणि विमानतळांवर, आणि तिथं दुसऱ्यानं ठेवलेली वस्तू उचलणारा माणूस बहुतेक वेळा चोरच असतो.

तरीही चूक होऊ शकते म्हणून एक सोय होती. धागा तुटला की त्या दुकानदाराच्या फोनवर चित्रफितीसकट प्रश्न यायचा, चोरी झाली का? होय किंवा नाही. त्या उत्तरांवरून राखण प्रत्येक गल्लीची रीत शिकत जायची. कल्पना वाईट नव्हती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण सूतगल्लीनं काय करावं? पहिल्याच महिन्यात सिद्रामच्या दुकानातून सायकलींच्या बॅटऱ्या जायला लागल्या. चोर सापडायला वेळ लागला नाही, सिद्रामच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, गुरुनाथ. आणि त्याचं लग्न पुढच्याच महिन्यात. सिद्राम हात जोडून दुकानोदुकानी फिरला. बहिणीच्या घरात मांडव पडायचाय, मुलीकडच्यांना कळलं तर सगळं मोडेल, मी भाच्याला चांगला सरळ करतो, तेवढं तुम्ही नाही म्हणा. शिलाईवाल्याचाही फोन त्या भाच्यानंच नेला होता, पण तोही नाही म्हणाला. मुलीचं लग्न मोडायचं पाप कुणी घ्यावं? रेवतीच्या ओट्यासमोरूनच एकदा बॅटरी गेली, तिच्या फोनवर प्रश्न आला, तिनंही नाही दाबलं. लग्न झालं, सगळे जेवून आले. पुढं पोलिसांनी शहराबाहेरच्या एका भंगारवाल्याकडं धाड घातली, त्यात त्या बॅटऱ्या सापडल्या आणि त्यांचे नंबर राखणकडं गेले. चोरी झाली होती आणि सबंध गल्ली नाही म्हणाली होती. राखणनं शिकायचं ते शिकून घेतलं. त्या दिवसापासून सूतगल्लीचं 'नाही' तिनं जमेस धरायचं सोडून दिलं.

गल्लीतल्या कुणाला हे कळलं नाही. भाचा सासऱ्याच्या धंद्यात लागला, सुधारला. बाहेरची टोळी खांब बघूनच पळाली. चोऱ्या खरोखर थांबल्या, आणि आकडा वाढायला लागला.

आता रेवतीच्या गिरणीची रीत ऐका. ओट्यावर डबे ठेवायचे. नाव नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही. डबा बघून कुणाचा ते रेवतीला कळायचं. पोचे आलेला पितळी डबा जोशीकाकूंचा, झाकणाला दोरी बांधलेला शेखांचा. दळण झालं की डबा परत ओट्यावर. ज्याचा डबा त्यानंच न्यावा असा काही नियम नव्हता. वरच्या मजल्यावर जाणारा जो कोणी असेल तो दोन डबे घेऊन जायचा आणि ज्याच्या त्याच्या दारात ठेवायचा. यात पुढं असायचे नरसय्या कोडम. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहून डावा पाय अधू झालेला, आता घरी बसलेले, आणि घरी बसणं अजिबात न जमणारे. सकाळ-दुपार त्यांचा एकच उद्योग, ओट्यावरचा डबा उचलायचा आणि पाय ओढत ओढत कुणाच्या तरी घरी पोचवायचा. रेवती सासरी आली तेव्हा तिला या गल्लीत पहिला चहा पाजला तो अण्णांच्या बायकोनं, राजव्वा अक्कांनी. आई-बापांच्या जागी होती ती दोघं तिला.

म्हणजे बघा, रोज डझनावारी धागे तुटत होते. रेवतीच्या फोनवर प्रश्न यायचे, ती हसून 'नाही' दाबायची, आणि ते 'नाही' कुठंच पोचत नव्हतं. गल्ली पिवळी झाली. पिवळी झाल्यावर परक्या पेठेतलं गिऱ्हाईक फोनच्या सांगण्यावरून बाहेरच्या बाहेर वळायला लागलं. माणसं कमी झाली म्हणजे ज्यानं भागायचं तो आकडाच लहान झाला, त्यामुळं भागाकार आणखी वाढला. तुटणारे धागे तेवढेच, पण गल्ली लाल. लाल झाल्यावर ज्वारीचे ट्रक यायचे बंद झाले, घरपोच सामानवाले मोठ्या रस्त्यावरूनच फोन करायला लागले, विमा कंपनीनं हात वर केले. भांडीवाल्यानं दुकान दुसरीकडं न्यायचं ठरवलं. नकाशावर लाल गल्ली बघून लोक विचारायचे, एवढं काय होतं हो तुमच्याकडं? आणि सांगायला काहीच नसायचं. रेवतीची चक्की दिवसातून तासभर फिरायची, बाकी वेळ ती ओट्यावर बसून रिकामा रस्ता बघायची. गिरणी या दिवाळीच्या पलीकडं जात नाही हे तिला दिसत होतं.

मग एका दुपारी राखणच्या कचेरीतून मृणाल शेवडे म्हणून एक मुलगी आली. वयानं लहान, पण समजूतदार. रेवतीनं दिलेलं ताक पिता पिता तिनं सगळं उलगडून सांगितलं. धाग्यांचं सांगितलं, बॅटऱ्यांचं सांगितलं, गल्लीच्या नाही या उत्तराची किंमत कशी गेली तेही सांगितलं. रेवतीनं मान खाली घातली. मग मृणालनं फोनवर एक चाल दाखवली. नुसत्या रेघांचं माणूस, डावा पाय ओढत चाललेलं. तुटलेले बहुतेक धागे या एकाच चालीचे होते.

"हे आमचे अण्णा," रेवती म्हणाली. "चोर नाहीत ते. ते लोकांचे डबे पोचवतात."

मृणालला ते पटलं. तिनं स्वतः उन्हात उभं राहून अण्णांना डबे नेताना पाहिलं होतं. पण तिच्या पटण्यानं काही होणार नव्हतं. कोणत्याही गल्लीचे दुकानदार आपली गल्ली हिरवी राहावी म्हणून नाहीच म्हणणार, म्हणून राखण मुळातच नाहीला कमी वजन द्यायची, आणि सूतगल्लीच्या नाहीला तर काहीच नाही. होय मात्र लगेच धरायची, कारण स्वतःचं नुकसान करून खोटं कोण बोलेल? रेवतीनं त्या चालीच्या एखाद्या जरी घटनेला होय म्हटलं, तर त्या चालीचे सगळे धागे उकललेल्या गुन्ह्यात जमा होतील, आकड्यातून वजा होतील, आणि गल्ली आठवड्याभरात हिरवी.

रेवतीनं दोनदा ते ऐकून घेतलं. खरं सांगितलं तर ते खोटं धरणार, आणि खोटं सांगितलं तर खरं? मृणालही गोंधळलेलीच दिसत होती. मी वर कळवलंय, म्हणाली, पण बदल व्हायला वर्ष जाईल. आणि होय म्हटल्यावर अण्णांचं काय, तर पोलीस येणार नाहीत, वस्तू किरकोळ आहेत. फक्त चालीवर खूण बसेल, वर्षभर. जिथं जिथं राखणचे खांब आहेत तिथं ही चाल आली की आजूबाजूच्या दुकानदारांचे फोन वाजतील, एवढंच.

एवढंच म्हणे! रेवतीनं तिला वाटेला लावलं. मग गल्लीनं आपलं शहाणपण चालवून पाहिलं. ज्याचा डबा त्यानंच न्यायचा असं ठरलं. जोशीकाकूंना जिना उतरवत नव्हता, त्या दोन दिवस बिनभाकरीच्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी त्यांचा डबा अण्णांच्या हातात होताच. अण्णांना अडवायचं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं होतं. चहाच्या दुकानात सगळे जमले की बोलायचे भलतंच, आणि मधेच रेवतीकडं बघायचे. कुणी तोंडानं म्हणालं नाही. ते न म्हणणंच तिला जास्त लागायचं.

शेवटी म्हणाले ते अण्णाच. एक दिवस ओट्यावर बसले आणि साधं हवापाण्याचं बोलावं तसं बोलले.

"घाल की माझं नाव. या वयात मी जाणार कुठं? घरापास्नं गिरणीपर्यंत. वाजंनात का फोन."

रेवती त्यांच्यावर चांगलीच चिडली. पुन्हा असलं बोलाल तर दळण देणार नाही म्हणाली. रात्री नवऱ्याचा फोन आला. गिरणी बंद पडली तरी चालेल, पण अण्णांना चोर म्हणणार नाही, हे तिनं नवऱ्याला सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं ते असं सांगणाऱ्या बाईच्या हातून झालं.

चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती फोन घेऊन बसली. अण्णांच्या नावावर राखणनं काय काय जमा केलंय ते बघावं म्हणून तिनं चेहरे पुसट केलेली एकेक चित्रफीत उघडली. सगळी तीच, अण्णा येतात, डबा उचलतात, पाय ओढत जातात. हा जोशीकाकूंचा, हा शेखांचा. तिला हसू येत होतं. आणि मग एक आली.

अण्णांनी निळ्या झाकणाचा एक नवा स्टीलचा डबा उचलला. तो कुणाचा ते रेवतीला ओळखता येईना. डबा घेऊन अण्णा जिन्याकडं गेलेच नाहीत. भांडीवाल्याच्या बंद शटरच्या आडोशाला गेले. वर माडीकडं पाहिलं, मागं पाहिलं. पाठ करून खाली बसले, झाकण काढलं, हात डब्यात गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. मग खिशात काहीतरी कोंबलं, हात धोतराला पुसले, पुन्हा वर पाहिलं, आणि उठले.

रेवतीनं ती चित्रफीत पुन्हा पाहिली. मग पुन्हा. मागं शेखांच्या घरून पीठ कमी भरलं म्हणून तक्रार आली होती, आणि तिनं दळणात तूट येतेच म्हणून त्यांना गप्प केलं होतं. दुसऱ्याही एका बाईनं तसंच म्हटलं होतं. रोज सगळ्यांचे डबे कुणाच्या हातातून जातात? फुकट, कशासाठी? घाल की माझं नाव, असं निर्दोष माणूस म्हणेल का? की सगळं माहीत असलेलाच म्हणेल? मोटरीची वायर नेली ती रात्र तिला आठवली. कुलूप फोडलं नव्हतं. गिरणीची दुसरी किल्ली अक्कांकडं असायची.

एकेक करत सगळं तिकडंच जायला लागलं. काल जे प्रेम वाटत होतं ते आज तिला सोंग वाटायला लागलं, आणि आपण किती बावळट, असा संताप आला. फोनवर खाली तो प्रश्न होता, रोज यायचा तोच. चोरी झाली का?

रेवतीनं होय दाबलं.

इथं कुणी गैरसमज करून घेऊ नये. तिनं गिरणीसाठी दाबलं नाही, गल्लीसाठी दाबलं नाही. त्या क्षणी आकडा, लाल-हिरवं, दिवाळी, काही तिच्या डोक्यात नव्हतं. तिला तसं वाटलं म्हणून तिनं दाबलं. फोन खाली ठेवला तेव्हा आपण काय केलं ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं.

आठवड्याभरात गल्ली हिरवी झाली. ज्वारीचा ट्रक आला, परक्या पेठेतल्या बायका डबे घेऊन आल्या, भांडीवाल्यानं बांधलेला माल सोडला. कुणी रेवतीला काही विचारलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. सिद्राम येऊन हळूच म्हणाला की तुमच्या जिवाला फार जड गेलं असेल वहिनी, आम्ही जाणतो. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही काही जाणत नाही. ती नुसती मान हलवत राहिली. अण्णा आठवडाभर दिसले नाहीत, आणि तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची चीडही आली.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा फोन वाजला. मग शिलाईवाल्याचा. मग भांडीवाल्याचा, सिद्रामचा. गल्लीभर ओळीनं फोन वाजत वाजत जवळ येत होते, आणि त्यांच्यामधून डावा पाय ओढत अण्णा येत होते. ओट्यावरची गिऱ्हाईकं चमकून बघायला लागली, त्यातल्या एका नव्या बाईनं आपली पिशवी पोटाशी धरली. रेवतीचा फोन वाजला तेव्हा अण्णा समोर उभे होते, हातात निळ्या झाकणाचा डबा. अंगानं वाळल्यासारखे दिसत होते, पण तोंडावर हसू होतं.

ते ओट्यावर बसले. गिऱ्हाईक गेलं तसं हळू आवाजात बोलायला लागले. अक्कांना साखर निघाली होती. डॉक्टरांनी ज्वारीत मेथी आणि जवाचं पीठ घालून खा म्हणून सांगितलं होतं, आणि अक्का कडू लागतं म्हणून ताटच सारायच्या. डबा त्यांच्याच घरचा, नुकताच घेतलेला, आणि तो ओट्यावर ठेवून जायच्या अक्का. म्हणून अण्णा घरी जायच्या आधी आडोशाला बसून पुडीतलं पीठ त्यात कालवायचे. अक्का माडीवर उभ्या असतात, त्यांना दिसू नये म्हणून वर बघून घ्यायचं. आता मात्र भांडीवाल्याचं दुकान उघडं झालं, आडोसा गेला, तर तूच दळतानाच त्यात मिसळून देशील का, हे विचारायला ते आले होते. हिला सांगू नको तेवढं, म्हणाले.

रेवतीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिला काही केल्या थांबवता येईनात. अण्णांना वाटलं ते फोन वाजण्याचं.

"अगं, कशाला रडायलीस? चार दिवस वाजतील, मग सवय होईल लोकांना. गल्ली जगली का नाही? खोटं दाबावं लागलं तुला, मला कळतंय की. पण तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला म्हाईत हाय. दुसऱ्या कुणी दाबलं असतं तर झोप लागली नसती मला. तू दाबलंस म्हणून काही वाटलं नाही. मनात नव्हतंच ना?"

सांगावं की न सांगावं, दोन्हीकडून तिला खाली ओढल्यासारखं झालं. खरं सांगितलं असतं तर या माणसाजवळ उरलेलं तेवढं समाधानही गेलं असतं. अण्णा उत्तराची वाट बघत नव्हते, पुडी शोधायला खिसा चाचपत होते.

"नव्हतं, अण्णा," रेवती म्हणाली, आणि डबा घेऊन तिनं मोटर चालू केली.